सात किलोचं फ्रंट लोड, इंदूरचं पाणी आणि चौदा प्रोग्राम

आत हीटर असलेलं सात किलोचं फ्रंट लोड मशीन चार माणसांच्या घराला पुरतं, कपडे झिजवत नाही आणि पाणी जपून वापरतं. आमचा कौल त्याच्या बाजूने आहे. त्याच्याबद्दलच्या नेहमीच्या तक्रारी म्हणजे काळ्या पँटवर पांढरे चट्टे, रबरातून येणारा कुबट वास, पिळताना होणारा दणदणाट आणि दोन तास फिरूनही न निघालेली कॉलर. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ मशीनमध्ये नसतं. ड्रममध्ये काय आणि किती कोंबलं, गोल बटण कुठे आणून थांबवलं आणि पाणी नर्मदेचं होतं की बोरिंगचं, या तीन गोष्टींत ते असतं.

हा आढावा एका मॉडेलचा नाही. एलजी, सॅमसंग, बॉश, आयएफबी यांची या आकाराची मशीनं आतून बरीचशी एकाच रीतीने चालतात. प्रोग्रामची नावं आणि मिनिटं थोडी इकडेतिकडे होतात, एवढंच. म्हणून इथे प्रोग्राम तपासले आहेत, आणि तेही सुदामा नगर, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर इथल्या मराठी घरांत जे कपडे धुवायला पडतात ते डोळ्यांसमोर ठेवून: सुती चादरी, पंचे, परकर, शाळेचे गणवेश, सुती साड्या आणि फाल्गुनात गेरचे, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत रंगलेले, कपडे.

सात किलो म्हणजे किती

सात किलो हे कोरड्या सुती कपड्यांचं वजन आहे, आणि ते फक्त कॉटन प्रोग्रामपुरतं. बटण दुसरीकडे वळवलं की ही मर्यादा झपाट्याने खाली येते. सिंथेटिकला साधारण ३ ते ३.५ किलो, लोकर आणि नाजूक कपड्यांना २ किलो, पंधरा मिनिटांच्या क्विकलाही दीड-दोन किलोच. हे तक्त्यात छापलेलं असतं आणि तो तक्ता मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत असतो. ती पुस्तिका मशीनच्या वरच ठेवा.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी येत नाही. कोरड्या कपड्यांची साधारण वजनं अशी धरावीत: पूर्ण बाह्यांचा शर्ट २०० ते २५० ग्रॅम, सुती कुर्ता २५०, परकर २०० ते २५०, पंचा १५०, अंगाचा मोठा टॉवेल ५०० ते ६००, जीन्स ६०० ते ७००, सुती साडी ४५० ते ५००, डबल चादर ७०० ते ९०० ग्रॅम. सोलापुरी चादर एकटीच किलोच्या पुढे जाते आणि भिजल्यावर तिचं वजन दुपटीच्याही वर पोचतं. दोन डबल चादरी, चार अभ्रे, चार टॉवेल आणि पाच सुती कुर्ते मिळून जवळजवळ साडेपाच किलो होतात. सात किलोच्या मशीनसाठी हा सर्वांत चांगला भार आहे. सातच्या सात किलो भरले तर मशीन चालेल, पण विसळणं कमी पडेल. सुरुवातीचे पाच-सहा दिवस प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घेऊन कपडे पिशवीत टांगून तोला. आठवडाभरात हाताला सवय होते आणि काटा परत कपाटात जातो.

जास्त भरलं की नेमकं काय बिघडतं ते समजून घ्यायला हवं. फ्रंट लोडमध्ये कपडे घुसळले जात नाहीत. ड्रमच्या आतल्या तीन पट्ट्या त्यांना वर उचलतात आणि ते वरून पाण्यात आपटतात. नदीकाठी दगडावर धुणं आपटतात, तेच काम इथे सौम्यपणे होतं. आपटायला वर मोकळी जागा लागते. ड्रम गच्च भरला तर कपड्यांचा एक गोळा होऊन तो नुसता फिरत राहतो, मधले कपडे पावडर पिऊन बसतात आणि विसळायच्या पाण्यातही ती सोडत नाहीत. काळ्या पँटवरचे पांढरे चट्टे बऱ्याचदा यातूनच येतात.

सुती कपडे भरल्यावर त्यांच्यावर हाताचा पंजा उभा घालून पाहावा. तो सहज मावला तर भार बरोबर आहे. सिंथेटिकला ड्रम अर्धाच भरावा, लोकरीला एक तृतीयांश. काही मशीनं सुरू झाल्यावर वजन ओळखून वेळ कमीजास्त करतात. ती सोय चांगली आहे, पण तिचा अर्थ मशीन जास्तीचे कपडे नाकारेल असा नाही. ते फक्त वेळ आणि पाणी वाढवत नेतं, जागा वाढवू शकत नाही.

खूप कमी भरणंही तितकंच वाईट. एकटी जीन्स किंवा एकटी सोलापुरी चादर आत टाकली की पिळताना ती एका बाजूला चिकटते आणि मशीन तोल साधायला पुन्हा पुन्हा फिरून पाहतं. शेवटी एलजीवर ‘यूई’ किंवा सॅमसंगवर ‘यूबी’ अशी अक्षरं येतात. चादरीबरोबर दोन टॉवेल टाकले की तोल सांभाळला जातो. रेनकोट, गादीवरचं जलरोधक आवरण आणि प्लास्टिकचं अस्तर असलेलं काहीही पिळायला लावूच नये. पाणी त्यात फुग्यासारखं अडकतं, वेग वाढल्यावर एकदम सरकतं, आणि मशीन जागचं हलण्याइतका धक्का बसतो. ड्रम आणि त्याचे स्प्रिंग यातून कायमचे जाऊ शकतात.

भरताना कपडे घडी करून किंवा बोळा करून टाकू नयेत. एकेक सोडवून, मोठा-लहान-मोठा असे टाकावेत. दुलईच्या खोळीची बटणं लावा, नाहीतर धुऊन झाल्यावर सगळे मोजे तिच्या पोटात सापडतात. नाड्यांना सैल गाठ, चेन बंद, ब्लाउजचे हूक लावलेले आणि जाळीच्या पिशवीत. खिसे उलटे करून पाहा. सुटी नाणी आणि सेफ्टी पिना थेट पंपापर्यंत जातात.

चौदांपैकी कामाचे चार

कॉटन ४० अंश हा या मशीनचा कणा आहे. रोजचे सुती कपडे, टॉवेल, रंगीत चादरी, गणवेश हे सगळं यावर घालावं. दीड ते अडीच तास लागतात म्हणून घाबरू नका, त्यातला बराचसा वेळ कपडे नुसते भिजत आणि मधूनमधून हलत असतात. मशीनसाठीच्या मॅटिक पावडरीत डाग तोडणारे एन्झाइम असतात आणि त्यांना काम करायला ३० ते ४० अंशांचं पाणी आणि वेळ दोन्ही लागतं. घामाची कॉलर क्विकवर निघत नाही आणि याच्यावर निघते, ती त्यामुळेच. विजेचा हिशेब करायचा तर मुख्य धुलाईत साधारण १५ लिटर पाणी असतं. ते २५ अंशांवरून ४० वर न्यायला सुमारे पाव युनिट लागतं, ६० वर न्यायला सुमारे ०.६ युनिट. मोटर त्या मानाने थोडीच वीज खाते. दहापैकी नऊ गुण.

कॉटन ६० अंश महिन्यातून दोन-तीनदा हवाच. पांढरे पंचे, अभ्रे, आजारी माणसाच्या अंथरुणाचे कपडे, लहान बाळाची दुपटी याच्यावर घालावीत. चादरीतले धुळीचे किडे ४० अंशांना तग धरतात, ६० ला मरतात. आणि या गरम पाण्याने मशीन स्वतःही आतून धुतलं जातं. ज्या घरात वर्षभर फक्त गार पाण्यावर मशीन चालतं, तिथे ड्रमच्या मागे चिकट थर साठतो आणि वास तिथूनच येतो. पक्क्या रंगाची खात्री नसलेला कपडा मात्र ६० वर कधीही घालू नये.

सिंथेटिक, काही मशीनवर ईझी केअर. शाळेची टेरिकॉटची पँट, पॉलिएस्टरच्या साड्या, लेगिंग्ज यांच्यासाठी हा प्रोग्राम नेटका आहे. पाणी जास्त, आपट कमी, पिळणं हळू, आणि शेवटी पाणी थोडं थोडं गार करत जातो म्हणून सुरकुत्या बसत नाहीत. बरीच घरं हेच कपडे कॉटनवर टाकतात आणि मग इस्त्रीला दुप्पट वेळ देतात. या प्रोग्रामकडे होणारं दुर्लक्ष आम्हाला खरोखर खटकतं. अर्धा ड्रम, ३० किंवा ४० अंश, पिळणं ८००.

चौथा लोकरीचा. ग्वाल्हेरएवढी थंडी इंदूरला पडत नसली तरी जानेवारीत स्वेटर निघतातच. या प्रोग्राममध्ये ड्रम फिरतो कमी आणि पाळण्यासारखा डोलतो जास्त. लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात, गरम पाणी आणि जोराची घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटतो. २ किलोपेक्षा कमी भार, जास्तीत जास्त ३० अंश आणि लोकरीसाठीचं द्रव साबण. सुकवताना स्वेटर टॉवेलवर आडवा पसरावा, दोरीवर टांगला तर बाह्या लांबतात.

आता क्विक, जो सर्वांत जास्त वापरला जातो आणि ज्याच्याबद्दल आमचं मत सर्वांत कडक आहे. पंधरा मिनिटांत हीटरला पाणी तापवायला पुरेसा वेळच मिळत नाही, एन्झाइमला काम करायला मिळत नाही, आणि विसळणं आखूड होतं. एकदा घालून आलेले दोन-चार कुर्ते, घामट पण न मळलेले कपडे, एवढ्यासाठी तो ठीक आहे. त्याच्यावर पाच किलो कपडे आणि कॉटनइतकी पावडर टाकली की कपडे धुतले जात नाहीत, फक्त ओले आणि सुवासिक होतात. दीड किलो कपडे, निम्म्याहून कमी पावडर, नाहीतर क्विक नको. दहापैकी चार.

इको कॉटनबद्दल एक शंका नेहमी असते: जास्त वेळ लागतो, मग वीज वाचते कशी? वीज तापवण्यात जाते, फिरवण्यात नाही. इको पाणी कमी तापवतो आणि तेवढ्याची भरपाई वेळाने करतो. फक्त, बहुतेक मशीनवर इकोच्या चक्रात पाणी लिहिलेल्या अंशांना पोचत नाही, म्हणून जंतूंच्या दृष्टीने ६० हवं असेल तेव्हा इको घेऊ नका. बाकी जीन्स, स्पोर्ट्स, शर्ट, डार्क वगैरे नावांचे प्रोग्राम म्हणजे यांचीच कमीजास्त रूपं आहेत. ते नसले तरी काही अडत नाही. एक बटण मात्र मोलाचं: जादा विसळणे. दहा-पंधरा मिनिटं आणि थोडं पाणी जास्त लागतं, पण बाळाचे कपडे, टॉवेल आणि बोरिंगच्या पाण्यावर धुतलेलं काहीही यासाठी ते दाबावंच.

पिळण्याचा वेग प्रोग्रामपेक्षा वेगळा निवडता येतो हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. १२०० फेऱ्यांवर पिळलेला सुती कपडा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी धरून बाहेर येतो. पावसाळ्यात गच्चीवर ऊन नसताना टॉवेल आणि जीन्स १२०० वर घ्या. सुती साडी ६००, रेघारेघांचे शर्ट ८००. मे महिन्यात जास्त पिळायची गरजच नाही, माळव्याचं ऊन तासाभरात चादर कडक करतं.

नर्मदा आणि बोरिंग

इंदूरच्या घरात ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि दुकानात तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर वर चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी बोरिंगच्या पाण्यापेक्षा बरंच मऊ असतं. काळ्या पाषाणातून वर आलेल्या बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. अनेक वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतो, म्हणून गच्चीवरच्या टाकीत दोन्ही पाणी मिसळतात, आणि मग एकच मशीन सोमवारी छान धुतं, गुरुवारी चट्टे सोडतं.

क्षार साबणाला आधी स्वतःकडे ओढतात, मळाच्या वाट्याला उरतं ते थोडं. शिवाय हीटरवर चुन्याचा थर बसतो, तो उष्णता अडवतो, पाणी तापायला जास्त वेळ लागतो आणि शेवटी हीटर जळतो. पाणी पिण्याच्या मानकात बसतं म्हणून मशीनलाही चालेल असं नाही. आयएस १०५०० या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ६०० च्या पाण्यावर हीटरचं आयुष्य फार नसतं. घरच्या घरी पाहायचं असेल तर स्वच्छ बाटलीत अर्धं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचे दोन-चार कीस टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला आणि खालचं पाणी स्वच्छ राहिलं तर मऊ. फेस कमी आणि पाणी दुधाळ झालं, वर साय आली, तर कठीण.

उपाय सोपा आहे, फक्त नियमित हवा. शक्य असेल तर नळ येतो त्या दिवशी धुणं लावा. सुरुवात उशिरा करण्याची सोय जवळजवळ प्रत्येक मशीनला असते, रात्री भरून ठेवून पहाटेची वेळ लावता येते. बोरिंगवर धुवायचं तर पावडर निम्म्याने वाढवा आणि जादा विसळणे दाबा. दर दोन महिन्यांनी रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम डिस्केलिंग पावडर (चुन्याचा थर काढणारी) घालून टब क्लीन, म्हणजे ड्रम धुण्याचा प्रोग्राम, किंवा कॉटन ६० चालवा. नळीवर लावायच्या छोट्या फिल्टरबद्दल गैरसमज आहे. त्यातले पॉलिफॉस्फेटचे खडे पाणी मऊ करत नाहीत, ते फक्त क्षारांना हीटरवर चिकटू देत नाहीत. तेवढ्यासाठी तो घ्यावा, पण खडे विरघळून संपले की बदलावा. रिकामा फिल्टर नुसती शोभा.

पाण्याचा दाबही पाहा. बहुतेक फ्रंट लोडना किमान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा निदान तीन मीटर वर हवी. सर्वांत वरच्या मजल्यावर, डोक्यावरच टाकी असलेल्या घरात हा दाब मिळत नाही आणि मशीन ‘पाणी येत नाही’ म्हणून थांबतं: एलजीवर ‘आयई’, सॅमसंगवर ‘४सी’. मशीन बदलून हे सुटत नाही. टाकी उंच चौथऱ्यावर चढवा किंवा छोटा प्रेशर पंप लावा. पण आधी नळाची जाळी पाहा. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की इनलेट नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी गाळाने भरते. नळ बंद करून नळी सोडवा, जाळी पक्कडीने हलकेच ओढून काढा आणि जुन्या टूथब्रशने धुवा. पाच मिनिटांचं काम.

आणखी एक गोष्ट माळव्याच्या हवामानाची. मशीनवरचं ‘कोल्ड’ म्हणजे टाकीत असेल तसं पाणी. मे महिन्यात दुपारी काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देईल इतकं तापतं, तेव्हा कच्च्या रंगाचा कपडा ‘कोल्ड’ वर टाकणं म्हणजे गरम पाण्यात टाकणंच. असे कपडे सकाळी लवकर लावा. उलट जानेवारीत तेच पाणी इतकं गार असतं की पावडर नीट विरघळत नाही. तेव्हा निदान ३० अंश निवडा किंवा द्रव साबण घ्या.

पावडर

फ्रंट लोड मॅटिक असं लिहिलेलीच पावडर घ्यावी. बादलीची साधी पावडर फेसासाठी बनवलेली असते. ड्रममध्ये फेस भरला की तो उशीसारखा मध्ये येतो, कपडे आपटत नाहीत, विसळणं अपुरं राहतं. पाकिटावरचं माप आधी पाळा. साधारणपणे पाच-साडेपाच किलो कपड्यांना नर्मदेच्या पाण्यावर ५० ते ६० ग्रॅम पुरतात, बोरिंगवर ८० ते ९०. पावडर मुख्य धुलाईच्या कप्प्यात, ज्यावर दोन रेघा किंवा २ असतं. एक रेघ असलेला कप्पा प्री-वॉशचा, म्हणजे मुख्य धुलाईआधीच्या धुलाईचा, आहे. तिथे टाकलेली पावडर प्री-वॉश लावला नसेल तर तशीच बसून राहते किंवा भलत्या वेळी ओघळते. फुलाचं चिन्ह कंडिशनरचं, त्यातल्या रेघेच्या वर भरू नये. टॉवेलला कंडिशनर लावूच नका, ते पाणी टिपणं सोडतात.

डाग: हळद, माती, गेर

पोह्यांवरच्या जिरावन मसाल्याचा, आमटीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि लोक घाबरतात. हळदीतला रंग साबण-चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थात लाल होतो. कुंकू हळदीला चुना लावून करतात, तीच ही गोष्ट. विसळल्यावर तो पुन्हा पिवळा होतो. आधी डागावर थोडं द्रव साबण चोळून पंधरा मिनिटं ठेवा म्हणजे तेल सुटेल, मग कॉटन ४०, आणि मग ऊन. हळदीचा रंग उन्हात उडतो, दोन दिवसांच्या उन्हाने राहिलेली पिवळी झाकही जाते. रक्त, दूध, अंडं यांना मात्र आधी गार पाणी. गरम पाण्यात त्यातलं प्रथिन घट्ट होऊन धाग्यात बसतं.

काळ्या मातीचा चिखल ओला असताना धुवायला जाऊ नये. माती बारीक आणि चिकट असते, ओली असताना आणखी आत शिरते. वाळू द्या, ब्रशने झाडा, मग प्री-वॉशसह कॉटन. न झाडता टाकला तर गाळ ड्रमच्या तळाशी आणि पंपाच्या जाळीत बसतो.

रंगपंचमीला राजवाड्याच्या गेरमधून परतलेले कपडे थेट मशीनमध्ये टाकू नका. सुका गुलाल बाहेर झटका. मग बादलीत गार पाण्यात खळबळत राहा, पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत, चार-पाच वेळा तरी. नंतर हेच कपडे एकटे, गार पाण्यावर, जादा विसळण्यासह. त्यानंतरच्या फेरीत पांढरं काही घालू नये. रबराच्या घडीत रंग साठून राहतो, ती ओल्या फडक्याने पुसून रिकामं टब क्लीन चालवा.

साड्या आणि रेशीम

सुती साडी मशीनमध्ये घालायला हरकत नाही. पहिली एक-दोन धुणी हाताने करून रंग पाहा, मग चौघडी घालून जाळीच्या पिशवीत, डेलिकेट, गार किंवा ३० अंश, पिळणं ४०० ते ६००. सुटी टाकलेली साडी बाकी सगळ्या कपड्यांना वेढे घालते आणि काठ ताणला जातो.

महेश्वरीचं उत्तर वेगळं. तीत सुताबरोबर रेशीम असतं, आणि रेशीम हे प्रथिन आहे. मॅटिक पावडरीतला जो एन्झाइम घाम आणि रक्ताचं प्रथिन तोडतो, तो रेशमालाही सोडत नाही. दोन-चार धुण्यांत चमक जाते. म्हणून डेलिकेट प्रोग्राम कितीही सौम्य असला तरी महेश्वरीला एन्झाइम नसलेलं सौम्य द्रव आणि हाताची धुलाईच बरी, तीही गार पाण्यात, न पिळता, सावलीत. जरीची पैठणी किंवा सोवळ्याचा रेशमी कद मशीनपासून लांबच ठेवावा.

बसवताना आणि नंतर

पहिल्यांदा सुरू करण्याआधी मागचे वाहतुकीचे बोल्ट, बहुधा चार, काढलेले आहेत ना ते स्वतः पाहा. ते राहिले तर पहिल्याच पिळण्यात मशीन नाचतं. काढलेले बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना ते पुन्हा लागतात. चारही पाय फरशीला टेकलेले हवेत, वर पाणसळ ठेवून पाहा, आणि पायांच्या चकत्या घट्ट आवळा. चाकांच्या ट्रॉलीवर फ्रंट लोड ठेवू नये. हीटर २००० वॅटच्या आसपासचा असतो, म्हणून १६ अँपिअरचं सॉकेट आणि चालू अर्थिंग लागतं. घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर जोडू नका. सांडपाण्याच्या नळीचं तोंड जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर असावं. मोरीत खाली सोडली तर पाणी आपोआप उपसलं जातं आणि मशीन भरत राहतं, रिकामं होत राहतं.

खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडलं की पंपाची जाळी दिसते. महिन्यातून एकदा ती साफ करा. प्लग काढा, खाली उथळ ताट ठेवा, छोटी नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी सोडा, मग जाळी हळूहळू उलटी फिरवा. एक-दोन लिटर पाणी येतं, म्हणून एकदम उघडू नका. पाणी बाहेर जात नसल्याचा इशारा, एलजीवर ‘ओई’, सॅमसंगवर ‘५सी’, आला तर मेकॅनिकला बोलावण्याआधी हेच पाहावं. नाणं, हेअरपिन किंवा धाग्यांचा बोळा बऱ्याचदा इथेच सापडतो.

प्रत्येक धुण्यानंतर दाराचं रबर आतल्या घडीसकट पुसा, दार आणि पावडरचा कप्पा थोडे उघडे ठेवा. वरून घट्ट प्लास्टिकचं आवरण घालण्याची पद्धत इथे फार आहे. ओल आतच राहते, रबरावर काळे ठिपके पडतात. आवरण घालायचंच तर दुसऱ्या दिवशी घाला.

सात की आठ किलो, असा प्रश्न खरेदीच्या वेळी हमखास येतो. चौघांच्या घराला सात पुरे. गोधडी, मोठी दुलई किंवा सोलापुरी चादरी घरीच धुवायच्या असतील, किंवा घरात पाच-सहा माणसं असतील, तर आठ घ्या, कारण तिथे वजनापेक्षा ड्रमची पोकळी कामाला येते. मात्र आठ किलोच्या मशीनमध्ये रोज दोन किलो कपडे धुवायचे असतील तर ते पैसे वाया. त्यापेक्षा सातच घ्या आणि एक दिवसाआड, नळ येईल त्या सकाळी, नीट भरून लावा.